पांढऱ्या कोटातला संपादक

१८६७ च्या जून महिन्यातली गोष्ट. न्यूयॉर्क राज्याची घटना नव्याने लिहिण्यासाठी आल्बनी इथे परिषद बसली होती. मताधिकार कोणाकोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली. काळ्या माणसाला मत मिळालंच पाहिजे म्हणून त्यांनी लेखणी झिजवली होती, पण बायकांना मत द्यायची त्यांची तयारी नव्हती. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी समितीपुढे बाजू मांडायला आल्या तेव्हा ग्रीलींनी त्यांना अडवलं. मत आणि बंदूक जोडीनेच येतात, मत हवं असेल तर लढायलाही जाल का, असा त्यांचा सवाल होता. जाऊ की, असं अँथनीबाईंचं उत्तर. गेल्या युद्धात तुम्ही ज्या हत्याराने लढलात, त्याच हत्याराने, म्हणजे पिसाच्या लेखणीने!

पुढे ग्रीलींच्या समितीचा अहवाल तयार झाला. त्यात बायकांना नकार होता. तो मांडला जाण्याच्या सुमारास जॉर्ज विल्यम कर्टिस हे सभासद उठले आणि बायकांना मत द्या अशी मागणी करणारा एक अर्ज त्यांनी सादर केला. वेस्टचेस्टर परगण्यातल्या तीनशे स्त्रियांच्या त्या अर्जावर पहिलं नाव होतं श्रीमती होरेस ग्रीली यांचं.

सभागृहात जे व्हायचं ते झालं. हा डाव कोणी रचला हे ओळखायला ग्रीलींना वेळ लागला नाही. पुढे एका समारंभात स्टँटनबाई भेटल्या, तेव्हा ग्रीलींनी बजावलं की यापुढे 'ट्रिब्यून'मध्ये तुमचा उल्लेख तुमच्या नावाने होणार नाही, श्रीमती हेन्री स्टँटन असाच होईल. देशभर वाचल्या जाणाऱ्या संपादकाने सूड उगवला तो असा, एका नावापुरता.

पण याच माणसाने तेवीस वर्षांपूर्वी मार्गारेट फुलर या विदुषीला आपल्या दैनिकात वाङ्मयसमीक्षक म्हणून नेमलं होतं. एवढंच नव्हे, स्त्रियांच्या हक्कांवरचं तिचं पुस्तक आपल्या छापखान्यातर्फे प्रसिद्ध केलं होतं. ग्रीली समजून घ्यायचे तर या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. त्यांच्या मतांमध्ये सुसंगती शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. मात्र त्यांचं वर्तमानपत्र त्यांच्या मतांपेक्षा मोठं होतं, आणि आजचं व्याख्यान मुख्यतः त्या वर्तमानपत्राविषयी आहे.

होरेसचा जन्म ३ फेब्रुवारी १८११ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या ॲमहर्स्टजवळच्या एका खडकाळ शेतावरचा. वडील कर्जात बुडाले, शेत गेलं आणि कुटुंबाने व्हरमाँट गाठलं. हाती पडेल ते छापील वाचायचं हा पोराचा नाद. पंधराव्या वर्षी तो ईस्ट पोल्टनीच्या 'नॉर्दर्न स्पेक्टेटर' या साप्ताहिकाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. खिळे जुळवता जुळवता भाषा शिकला, राजकारण शिकला. १८३० मध्ये ते साप्ताहिक बंद पडलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांचा होरेस खिशात दहा डॉलर घेऊन न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. फिकट केस, तोकडे कपडे, चालणं नांगरामागे चालल्यासारखं. त्याला काम कोण देणार? मिळालं ते दुसऱ्या कोणाला नको असलेलं: बायबलच्या नव्या कराराची खिशात मावणारी आवृत्ती, अक्षर बारीक आणि टिपांचं त्याहून बारीक. इतर जुळारी ते सोडून जात. होरेसने ते पुरं केलं.

स्वतःचं पत्र काढण्याचा पहिला प्रयत्न १ जानेवारी १८३३ चा. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये इतका बर्फ पडला होता की विक्रीची पोरं रस्त्यावर फिरू शकली नाहीत. तीन आठवड्यांत खेळ आटोपला. नंतर 'न्यूयॉर्कर' हे साप्ताहिक आलं (आजच्या त्या नावाच्या नियतकालिकाशी याचा काही संबंध नाही). नाव झालं, पैसा झाला नाही. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत व्हिग पक्षाच्या विल्यम हेन्री हॅरिसन यांच्यासाठी त्यांनी 'लॉग कॅबिन' हे प्रचारपत्र चालवलं. त्याचा खप ८०,००० वर गेला आणि ग्रीलींना आपल्या वाचकाची नस सापडली.

त्या काळात न्यूयॉर्कमध्ये एका सेंटची वर्तमानपत्रं निघाली होती. बेंजामिन डे यांचं 'सन' १८३३ चं, जेम्स गॉर्डन बेनेट यांचं 'हेरल्ड' १८३५ चं. खून, भानगडी, कोर्टकचेरी यांवर ती पोसलेली. गंभीर वर्तमानपत्रं सहा सेंटची. ती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर जात, मजुराच्या घरी नव्हे. ग्रीलींनी हिशेब मांडला की एका सेंटमध्येच, पण घरातल्या सर्वांपुढे ठेवता येईल असं पत्र का निघू नये? उसने १,००० डॉलर घेऊन त्यांनी १० एप्रिल १८४१ रोजी 'ट्रिब्यून'चा पहिला अंक काढला. अध्यक्ष झाल्यावर महिन्याभरातच वारलेल्या हॅरिसन यांच्यासाठी शहरात त्याच दिवशी शोकयात्रा निघाली होती, आणि हवा रडवेली होती. पहिल्या अंकाच्या ५,००० प्रती काढल्या. ज्या विकल्या गेल्या नाहीत त्या जवळजवळ सगळ्या फुकट वाटण्यात आपण यशस्वी झालो, असं त्यांनी पुढे मिस्कीलपणे लिहून ठेवलं आहे. हिशेबाच्या बाबतीत हे गृहस्थ अगदीच कच्चे. थॉमस मॅकेलरथ हा व्यवहारी भागीदार त्याच वर्षी मिळाला म्हणून पत्र तगलं.

'ट्रिब्यून'ची खरी ताकद शहरातल्या दैनिकात नव्हती. आठवडाभरातलं निवडक साहित्य एकत्र करून निघणारी साप्ताहिक आवृत्ती टपालाने ओहायो, इलिनॉय, आयोवाच्या शेतवाड्यांवर पोचत असे. १८६० च्या सुमारास तिच्या प्रती २,००,००० च्या घरात गेल्या. एक अंक सगळ्या वस्तीत फिरे. शेतकी, भाषणं, पुस्तकपरीक्षणं, बाजारभाव असं सगळं त्यात असे. तिकडच्या शेतकऱ्यांचं राजकीय शिक्षण या साप्ताहिकाने केलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि ते शिक्षण एका सुरातलं नव्हतं. १८४२ मध्ये फ्रेंच समाजवादी फूरिए यांचा अनुयायी आल्बर्ट ब्रिस्बेन याला पहिल्या पानावर स्तंभ मिळाला; सहकारी वसाहती स्थापून दारिद्र्य संपवण्याची ती कल्पना होती. ग्रीलींचे सहायक हेन्री रेमंड पुढे दुसऱ्या पत्रात गेले. त्यांना हा सारा भंपकपणा वाटे. मग ठरलं की दोघांनी वाद घालायचा आणि प्रत्येकाने आपल्या पत्रात दुसऱ्याचा लेखही पुरा छापायचा. १८४६–४७ च्या हिवाळ्यात असे बारा-बारा लेख झाले. वादात रेमंड सरस ठरले असं अनेकांचं मत आहे आणि ते बरोबर वाटतं. पण प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक युक्तिवाद ग्रीलींनी स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या शाईने आपल्याच वर्गणीदारांच्या घरी पोचवला. याच रेमंड यांनी १८५१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' काढून 'ट्रिब्यून'चे वाचक पळवले, हा पुढचा भाग.

फुलरबाई ग्रीलींच्या घरीच राहत. तुरुंग, वेड्यांची इस्पितळं, अनाथालयं पाहून त्या लिहीत. १८४६ मध्ये त्या युरोपात गेल्या आणि १८४९ च्या रोममधल्या क्रांतीची वार्तापत्रं त्यांनी तिथून धाडली. १८५० मध्ये परतताना न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून पती आणि मुलासह त्या बुडाल्या. त्याच्या आदल्या वर्षी ग्रीलींचा लाडका मुलगा पिकी पटकीने गेला होता. सात मुलांपैकी दोनच मुली मोठ्या झाल्या. संपादकाच्या चरित्रात घरचं दुःख सहसा तळटिपेत जातं. ग्रीलींच्या बाबतीत ते विसरलं की पुढचा उतावळेपणा कळत नाही.

'ट्रिब्यून'च्या सर्वांत प्रसिद्ध बातमीदाराने मात्र अमेरिका कधीच पाहिली नाही. व्यवस्थापकीय संपादक चार्ल्स डेना यांची १८४८ मध्ये कोलोनला एका जर्मन पत्रकाराशी ओळख झाली होती. तीन वर्षांनी, तो लंडनमध्ये विपन्नावस्थेत असताना, डेनांनी त्याला लिहायला सांगितलं. तो कार्ल मार्क्स. इंग्रजी तेव्हा कच्चं असल्याने सुरुवातीचे लेख मार्क्सच्या नावावर एंगल्सने लिहिले. १८६२ पर्यंत जवळजवळ पाचशे लेख गेले. मानधन लेखामागे एक पौंड, पुढे दोन. कधी लेख नावासकट छापायचा, कधी नाव काढून अग्रलेख म्हणून वापरायचा, कधी टोपलीत टाकायचा. त्यामुळे मार्क्सची चिडचिड होई. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी वृत्तपत्रमालकांपुढे थट्टेने म्हटलं होतं की त्या भांडवलदारी वर्तमानपत्राने या माणसाला जरा बरे पैसे दिले असते तर जगाचा इतिहास निराळा झाला असता. थट्टा झकास आहे, पण पूर्ण खरी नाही. मार्क्सच्या हाती नियमित पोचणारी थोडीफार कमाई होती ती इथलीच.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे १८५३ मध्ये मार्क्सने हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर जे लेख लिहिले, ते ग्रीलींच्या पत्रात आले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि रेल्वेमुळे हिंदुस्थानात आधुनिक उद्योग येतील, जातींवर आधारलेली कामाची वाटणी ढासळेल, असं भाकीत करणारा लेख 'ट्रिब्यून'ने त्याच वर्षी ८ ऑगस्टला छापला. १८५७ च्या उठावाचेही वृत्तान्त याच पत्रात. प्रत्यक्ष मुंबई पाहणारा 'ट्रिब्यून'चा माणूसही होता. बेयर्ड टेलर हा प्रवासलेखक १८५२ च्या अखेरीस मुंबईत उतरला, मग आग्रा, दिल्ली, हिमालय करत पुढे कमोडोर पेरीच्या आरमाराबरोबर जपानला गेला. त्याची पत्रं ओहायोतल्या शेतकऱ्याने चुलीपाशी बसून वाचली असतील.

स्वतः ग्रीली संरक्षक जकातीचे कट्टर पुरस्कर्ते, दारूबंदीवाले, काही काळ शाकाहारी, परलोकाशी बोलण्याच्या प्रयोगांबद्दल कुतूहल असणारे. पांढरा लांब कोट, पांढरी टोपी, खिशातून बाहेर लोंबणारे कागद. अक्षर इतकं भयंकर की कामावरून काढलेल्या एका जुळाऱ्याने त्यांचं बडतर्फीचं पत्रच शिफारसपत्र म्हणून दाखवून नवी नोकरी मिळवली, अशी दंतकथा आहे. १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या मुद्रक-कामगारांची संघटना उभी राहिली, तेव्हा पहिले अध्यक्ष हेच. मालक असून! आदल्या वर्षी त्यांनी 'ट्रिब्यून'चे प्रत्येकी १,००० डॉलरचे शंभर भाग करून ते सहकाऱ्यांना विकायला काढले होते. बोलल्याप्रमाणे वागण्याची ही हौस त्यांना महागात पडली, कारण हळूहळू त्यांच्या स्वतःच्या हाती फार थोडे भाग उरले.

'तरुणा, पश्चिमेला जा' हे वाक्य त्यांच्या नावावर चिकटलं आहे. ते नेमकं त्यांचंच, याचा पक्का पुरावा नाही. सल्ला मात्र त्यांचाच. १८५९ मध्ये ते स्वतः खडखडत्या घोडागाडीतून कॅलिफोर्नियापर्यंत गेले, वाटेत सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगॅम यंग यांना दोन तास प्रश्न विचारले आणि प्रश्नोत्तरं जशीच्या तशी छापली. आज आपण ज्याला मुलाखत म्हणतो, तिच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत ती मोजतात. कोलोराडोत त्यांच्या शेतकी संपादकाने, नेथन मीकर यांनी, १८७० मध्ये वसवलेलं ग्रीली नावाचं शहर आजही आहे.

आता त्यांची दुसरी बाजू. या संपादकाला लेखणी पुरेना. त्याला खुर्ची हवी होती.

१८४८ च्या डिसेंबरात एका रिकाम्या जागेवर ते तीन महिन्यांपुरते काँग्रेसमध्ये गेले. तिथे त्यांनी काय केलं? सभासदांना घरापासून राजधानीपर्यंतच्या प्रवासाचा मैलांवर भत्ता मिळे. ग्रीलींनी टपालमार्गाची अंतरं काढली, प्रत्येकाने उचललेली रक्कम शेजारी मांडली आणि जादा पैशांची यादी नावानिशी 'ट्रिब्यून'मध्ये छापली. सभागृह खवळलं. त्या यादीत इलिनॉयच्या एका उंच, फारशा प्रसिद्ध नसलेल्या सभासदाचंही नाव होतं: अब्राहम लिंकन. पत्रकार म्हणून ही कामगिरी पहिल्या दर्जाची होती. पण ज्याला पुढे राजकारण करायचं आहे, त्याने घरात शिरताच वासे मोजायला घेऊ नयेत.

व्हिग पक्षात थर्लो वीड, विल्यम सिवर्ड आणि ग्रीली असं तिघांचं त्रिकूट होतं. सिवर्ड यांना पदं मिळाली, ग्रीलींना नाही. १८५४ मध्ये त्यांनी सिवर्ड यांना पत्र लिहून ही भागीदारी मोडल्याचं कळवलं. सहा वर्षांनी, शिकागोत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात, न्यूयॉर्कने पाठवलं नाही म्हणून दूरच्या ऑरेगनचे प्रतिनिधी बनून ते बसले आणि सिवर्ड यांची उमेदवारी पाडायला झटले. त्यांचा उमेदवार एडवर्ड बेट्स. निवडला गेला लिंकन. रुसव्यातून कधी कधी इतिहासाचं भलं होतं, त्याचं हे उदाहरण.

यादवी युद्धाच्या काळातला ग्रीलींचा आलेख तापाच्या रुग्णासारखा आहे. १८६० च्या नोव्हेंबरात त्यांनी लिहिलं की दक्षिणेकडच्या राज्यांना खरोखर जायचं असेल तर शांतपणे जाऊ द्यावं. पुढच्या जूनमध्ये त्यांचंच पत्र रोज बंडखोरांच्या राजधानीवर, रिचमंडवर, चालून जाण्याची हाकाटी करत होतं. ती मोहीम डेनांच्या देखरेखीखाली चालली होती हे खरं, पण पत्र ग्रीलींचं. २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत उत्तरेची धूळधाण झाली. ग्रीलींनी अंकात जबाबदारी घेतली आणि आठवडाभरात लिंकनना एक हादरलेलं पत्र लिहिलं: विजय अशक्य असेल तर शत्रूच्या अटींवर तह करा. मग ते काही आठवडे अंथरुणाला खिळले. लिंकननी ते पत्र फाडलं नाही, छापायलाही दिलं नाही. नुसतं ठेवून दिलं.

एवढं सगळं होऊनही २० ऑगस्ट १८६२ चा अंक ग्रीलींचा आहे. दोन कोटी लोकांची प्रार्थना अशा मथळ्याखाली त्यांनी अध्यक्षांना उघड पत्र लिहिलं. बंडखोरांचे गुलाम मुक्त करणारा कायदा काँग्रेसने केला आहे, तुमचे सेनापती तो पाळत नाहीत आणि तुम्ही त्यांना पाळायला लावत नाही, हा त्यातला आरोप. तो सविस्तर, क्रमवार आणि बोचरा होता. लिंकननी दोनच दिवसांत उत्तर दिलं: माझं पहिलं काम देशाची एकी राखणं हे आहे, एकही गुलाम न सोडता ती राखता आली तर तशी राखीन, सगळे सोडून राखता आली तर तशी. हे उत्तर अमेरिकेतली शाळकरी मुलंही वाचतात. कोणाच्या पत्राला ते उत्तर होतं, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. गंमत अशी की मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा महिन्याभरापूर्वीच लिंकननी मंत्रिमंडळापुढे ठेवला होता. ग्रीली उघड्या दारावर धडका देत होते. तरीही त्या धडकांचा आवाज लोकांनी ऐकला, आणि २२ सप्टेंबरला जाहीरनामा निघाला तेव्हा कान तयार झालेले होते.

त्या मुक्तीचे पडसाद पुण्यापर्यंत आले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं ते निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्या लोकांत न्यूयॉर्कचे सगळेच मोडत नव्हते. १३ जुलै १८६३ ला सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली, काळ्या नागरिकांना रस्त्यात मारलं गेलं आणि जमावाने ग्रीलींना फासावर देण्याच्या आरोळ्या ठोकत 'ट्रिब्यून'च्या कचेरीवर हल्ला केला. तळमजला मोडला; पोलिसांनी जमाव हटवला.

युद्ध संपलं. बंडखोर सरकारचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस खटल्याविना दोन वर्षं कोठडीत होता. १३ मे १८६७ रोजी ग्रीली रिचमंडला गेले आणि त्याच्या १,००,००० डॉलरच्या जामिनावर त्यांनी सही केली. आल्बनीतल्या त्या अर्जाच्या जेमतेम दीड महिना आधी. ज्यांनी त्यांचा शब्द प्रमाण मानला होता, ते उत्तरेतले शेतकरी संतापले. साप्ताहिकाचे निम्म्याहून अधिक वर्गणीदार गेले. त्यांच्या युद्धेतिहासाच्या दोन खंडांची विक्री बसली. ज्या क्लबाने जाब विचारायला बोलावलं, त्याला त्यांनी पत्रातून कोत्या मनाचे ठोंबे म्हणून फटकारलं आणि सांगितलं की मी येणार नाही, काढायचं तर काढा. क्लबाने काढलं नाही. आरोप ठेवल्यावाचून माणसाला किती दिवस डांबायचं, हा प्रश्न त्यांनी शत्रूसाठी विचारला. ग्रीलींच्या साऱ्या कृत्यांत हे एक कृत्य सर्वांत स्वच्छ वाटतं.

अध्यक्ष ग्रांट यांच्या कारकिर्दीतल्या भ्रष्टाचाराला विटलेल्या रिपब्लिकनांनी १८७२ च्या मे महिन्यात सिनसिनाटीत ग्रीलींना अध्यक्षपदाचा उमेदवार केलं. जुलैत डेमोक्रॅटिक पक्षानेही त्यांनाच उचललं, ज्या पक्षाला त्यांनी तीस वर्षं झोडपलं होतं. थॉमस नास्ट या व्यंग्यचित्रकाराला तर मेजवानीच मिळाली. 'हार्पर्स वीकली'त आठवड्यामागून आठवडे पांढरा कोट, चष्मा आणि खिशातले कागद. आपण अध्यक्षपदाला उभे आहोत की तुरुंगात जायला, हेच कळेनासं झालं, असे ग्रीलींचे उद्गार सांगतात. ऑक्टोबरात ते दौरा संपवून आजारी पत्नीच्या उशाशी बसले. ३० ऑक्टोबरला त्या गेल्या, सहा दिवसांनी निवडणूक झाली. २८ लाखांहून अधिक मतं मिळाली, पण राज्यं फक्त सहा.

७ नोव्हेंबरच्या अंकात ग्रीलींनी वाचकांना कळवलं की आपण पुन्हा संपादकपदावर येत आहोत. त्याच अंकात दुसरा एक मजकूर होता. त्यात पराभवामुळे आता पदांसाठी हात पसरणारे खुशमस्करे तरी कचेरीत येणार नाहीत, असा उपहास होता. तो त्यांनी लिहिला नव्हता, त्यांना विचारलाही नव्हता. त्याच्याशी आपला संबंध नाही, असा खुलासा त्यांनी लिहून दिला. 'ट्रिब्यून'ची सूत्रं तेव्हा व्हाइटलॉ रीड यांच्या हाती गेली होती. रीड यांनी खुलासा छापला नाही. एकतीस वर्षं विरोधकांना जागा देणाऱ्या पत्रात संस्थापकाला चार ओळी मिळाल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी, २९ नोव्हेंबर १८७२ रोजी, ग्रीली वारले. अंत्ययात्रेला अध्यक्ष ग्रांट स्वतः हजर होते. राज्यांनी निवडलेल्या मतदारमंडळाचं मतदान तोवर झालं नव्हतं; ग्रीलींच्या वाट्याला आलेल्या ६६ जणांपैकी बहुतेकांनी आपली मतं इतरांना वाटून टाकली. जॉर्जियातल्या तिघांनी मात्र मेलेल्या संपादकालाच मत दिलं. काँग्रेसने ती तीन मतं मोजली नाहीत.